पापणीची कड: थेंबांनी न सुटणारं दुखणं

डोळे चुरचुरतात, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, कडा लालसर दिसतात आणि दिवसभर डोळ्यात कचरा गेल्यासारखं वाटत राहतं. मेडिकलमधून आणलेले थेंब चार दिवस घातले की बरं वाटतं, आणि बाटली संपली की ये रे माझ्या मागल्या. अशा तक्रारीत खुद्द नेत्रगोलात बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. बिघाड असतो पापणीच्या कडेत, जेमतेम २ मिलिमीटर जाडीच्या पट्टीत. त्या कडेच्या सुजेला ब्लेफरायटिस म्हणतात. थेंब डोळ्यात पडतो आणि काही मिनिटांत अश्रूंच्या नळीवाटे नाकात उतरतो (म्हणून तर थेंब घातल्यावर घशाला कडू लागतं). केसांच्या मुळाशी चिकटलेली खपली आणि ग्रंथीत अडकलेलं तेल त्याने हलत नाही. हे दुखणं रोज, हाताने, शेकून आणि पुसून आटोक्यात ठेवावं लागतं. औषधं त्याला जोड म्हणून.

कड समजून घ्यायची तर आरशासारखं साधन नाही. हात धुवा, चांगल्या उजेडात उभे राहा आणि खालची पापणी बोटाने किंचित खाली ओढा. कडेच्या पुढच्या बाजूला केसांची रांग दिसेल. तिच्या मागे, कडेच्या सपाट भागावर ओळीने बारीक ठिपके दिसतात. ती मायबोमियन ग्रंथींची तोंडं. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली या ग्रंथींचं तपशीलवार वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. पापणीच्या आतल्या गुलाबी अस्तरातून याच ग्रंथी उभ्या, पिवळसर रेघांच्या रूपात दिसतात. नाकाकडच्या कोपऱ्याजवळ एका छोट्या उंचवट्यावर बारीकसं भोक आहे. डोळ्यातलं पाणी तिथून आत शिरतं, अश्रुपिशवीत जातं आणि पुढे नाकात. वरच्या पापणीतही हीच मांडणी, फक्त तिथल्या ग्रंथी लांब आणि संख्येने जास्त: साधारण २५ ते ४०. खालच्या पापणीत २० ते ३०.

केस आणि ग्रंथींची तोंडं यांच्या मधून एक करडी रेघ जाते. फाटलेली पापणी शिवताना सर्जन आधी ही रेघ जुळवून घेतात. ब्लेफरायटिसचे दोन प्रकार याच रेघेने वेगळे होतात. रेघेच्या पुढे, म्हणजे केसांच्या मुळाशी सूज असेल तर पुढचा प्रकार. रेघेच्या मागे, तेलाच्या ग्रंथींत असेल तर मागचा. प्रत्यक्षात बऱ्याच जणांना थोडा हा, थोडा तो, असं मिश्र दुखणं असतं.

पापणीच्या बाकीच्या थरांबद्दल थोडक्यात. वरची कातडी शरीरातली सर्वांत पातळ, आणि तिच्याखाली चरबी जवळजवळ नाही. म्हणून साधा डास चावला तरी पापणी टम्म फुगते. कातडीखाली डोळा मिटणारा गोलाकार स्नायू आहे. त्याला चेहऱ्याची नस चालवते, म्हणून चेहऱ्याचा लकवा झाला की त्या बाजूचा डोळा मिटत नाही. पापणी उचलणारा स्नायू वेगळा आणि त्याची नसही वेगळी. आत टार्सल प्लेट नावाची घट्ट तंतुमय पट्टी असते, वरच्या पापणीत मधोमध सुमारे १० मिलिमीटर उंच, खालच्या पापणीत ४ ते ५. तिला कूर्चा समजण्याची चूक पुष्कळदा होते, पण ती कूर्चा नाही. मायबोमियन ग्रंथी याच पट्टीत उभ्या बसवलेल्या आहेत. पट्टीच्या आतून कंजंक्टायव्हाचं ओलसर अस्तर, आणि तेच पुढे वळून डोळ्याचा पांढरा भाग झाकतं. कडेवर सूज असली की पांढरा भागही लालसर दिसतो, त्याचं एक कारण हे. मग घरचे म्हणतात ‘डोळे आले’, आणि चुकीच्या औषधांचा फेरा सुरू होतो.

आता तेलाकडे येऊ, कारण सगळी गोम तिथे आहे. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ पापुद्रा असतो त्याची जाडी काही मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे काही हजारावे भाग. त्यात कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, धरून राहणारा चिकट म्युसिनचा भाग, बहुतांश पाणी आणि सर्वांत वर तेलाची साय. पाणी उडून जाऊ नये म्हणून हे तेल. आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा डोळे मिचकावतो, आणि प्रत्येक वेळी पापणीचा स्नायू ग्रंथी दाबून थोडं तेल बाहेर काढतो. स्क्रीनकडे टक लावली की मिचकावणं तिसऱ्या हिश्श्यावर येतं, आणि जे होतं त्यातही पापणी बरेचदा अर्ध्यातूनच परत जाते. तेल आत साचतं आणि दाट होतं. निरोगी तेल स्वच्छ आणि पातळ असतं. बिघडलेलं तेल ग्रंथी दाबल्यावर पांढरट, घट्ट तारेसारखं बाहेर येतं किंवा येतच नाही. वर्षानुवर्षं तोंड बंद राहिलं की ग्रंथी आक्रसून जाते, आणि गेलेली ग्रंथी परत येत नाही.

‘डोळ्यातून सारखं पाणी येतंय आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे आहेत,’ ही तक्रार नेहमीची. त्यात विसंगती काही नाही. तेलाची साय तुटली की पाणी भराभर उडतं, कॉर्नियाला कोरड जाणवते आणि अश्रुग्रंथी भसाभस पाणी सोडते. ते पाणी तेलाशिवाय टिकत नाही, गालावर ओघळतं. दवाखान्यात पिवळा रंग घालून तपासतात: पापणी उघडल्यापासून पापुद्रा तुटेपर्यंत १० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर अश्रूंचा थर अस्थिर आहे असं धरतात.

पुढच्या प्रकारात खपली कशी आहे हे बघणं महत्त्वाचं. स्टॅफिलोकोकस जिवाणूंमुळे झालेल्या सुजेत खपली कडक, ठिसूळ असते. ओढून काढली तर खाली बारीक जखम होते, कधी रक्तही येतं. अशा पापणीचे केस गळतात, पांढरे होतात किंवा उलटे उगवून डोळ्यात टोचतात. कोंड्याशी नातं असलेल्या प्रकारात खवले तेलकट, मऊ असतात, आणि भुवया, नाकाच्या कडा, टाळू इथेही तोच प्रकार दिसतो. अशा वेळी पापणी कितीही पुसली तरी टाळूचा कोंडा तसाच ठेवून उपयोग नाही. डोक्याला २ टक्के केटोकोनाझोलचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा, ५ मिनिटं ठेवून धुवायचा. डोळ्यात जाऊ द्यायचा नाही.

तिसरं कारण डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म किडा. लांबी पाव ते अर्धा मिलिमीटर, मुक्काम केसांच्या मुळाशी, आणि त्याचाच एक भाऊबंद तेलग्रंथींमध्ये. वय वाढेल तसा तो बहुतेकांच्या पापणीवर थोडाफार असतोच, त्यामुळे नुसता सापडला म्हणून घाबरायचं कारण नाही. संख्या बेसुमार वाढली की त्रास. ओळख अगदी नेमकी आहे. स्लिट लॅम्पपुढे (डोळा मोठा करून दाखवणारं दवाखान्यातलं यंत्र) हनुवटी टेकवून रुग्णाला खाली बघायला सांगितलं की वरच्या पापणीच्या केसांची मुळं नीट दिसतात, आणि प्रत्येक केसाच्या बुडाशी मेणचट, अर्धपारदर्शक बूच बसलेलं असतं. केस वाढतो तसं ते बूच त्याच्याबरोबर थोडं वर सरकतं. खाली बघायला सांगितलंच नाही तर हे सगळं नजरेतून निसटतं, आणि गर्दीच्या ओपीडीत ते बरेचदा निसटतं. ‘सकाळी उठल्यावर पापणीच्या कडेला खाज येते,’ असं रुग्ण म्हणाला की तपासणाऱ्याने हे एवढं करावंच.

रांजणवाडी आणि चॅलाझियन ही याच घराण्यातली. केसाच्या मुळाजवळच्या झाइस किंवा मोल ग्रंथीत पू झाला की बाहेरची रांजणवाडी: लाल, दुखरी, केसाच्या बुडाशी पिवळं टोक. मायबोमियन ग्रंथीत पू झाला तर आतली, ती जास्त ठणकते. चॅलाझियनमध्ये मात्र पू नसतो. तोंड बंद झालेल्या ग्रंथीतलं तेल आजूबाजूला झिरपतं आणि शरीर त्याभोवती गाठ बांधतं. ती गाठ सहसा दुखत नाही, वाटाण्याएवढी होऊन आठवडेच्या आठवडे बसते. जंतू मुख्य कारण नसल्यामुळे अँटिबायोटिकने ती जात नाही. तिला शेक लागतो, दिवसातून ४ वेळा, १० मिनिटं. दोनेक महिन्यांत विरली नाही तर पापणी उलटून आतून छोटा छेद देऊन साफ करतात. लहान मुलांत मोठी गाठ असेल तर इतकी वाट बघू नये, कारण ती कॉर्नियावर दाब देऊन चष्म्याचा नंबर तयार करते.

रांजणवाडीवर लवंग उगाळून लावणं, खारकेची बी उगाळून लावणं, लसूण चोळणं हे अजून घरोघरी चालतं. लसणाने पातळ कातडी भाजते, लवंगेचं तेल डोळ्यात उतरलं तर कॉर्नियाला इजा होते. तळहातावर बोट घासून पापणीला लावण्यात अपाय नाही, कल्पनाही बरोबर, फक्त ती ऊब दोन सेकंदांत संपते. रांजणवाडी फोडू नये आणि तिच्यातला केस उपटायची घाई करू नये.

शेक, मसाज, सफाई. क्रम हाच, आणि त्याला कारण आहे. थंडीत थिजलेलं खोबरेल तेल बाटली पिळून निघत नाही, आधी ऊन दाखवावं लागतं, इथेही तेच. ग्रंथीतलं घट्ट तेल पातळ व्हायला पापणीच्या आतपर्यंत ४० अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता पोचावी लागते आणि काही मिनिटं टिकावी लागते. लोक चुकतात ते इथेच. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, आणि उरलेली आठ मिनिटं आपण ओला गार रुमाल डोळ्यावर धरून बसतो. रुमालच वापरायचा तर दोन घ्या आणि दर दोन मिनिटांनी बदला. त्यापेक्षा सोपं म्हणजे स्वच्छ सुती मोज्यात अर्धा कप कोरडे तांदूळ भरून गाठ मारायची, मायक्रोवेव्हमध्ये २० ते ३० सेकंद गरम करायचं, हलवून उष्णता सारखी करायची आणि मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. मनगटाला सुखद ऊन लागलं तर ठीक, चटका बसला तर थांबा. मिटलेल्या डोळ्यांवर ५ ते १० मिनिटं, डोळ्यावर जोर न देता. भांड्यातल्या पाण्याची वाफ घेऊन हे साधत नाही. चेहरा घामाघूम होतो, पापणीला पुरेशी ऊब मिळत नाही आणि उकळतं पाणी अंगावर सांडायची भीती वेगळी. मधुमेहात चेहऱ्याची संवेदना कमी झाली असेल तर दुसऱ्या कुणाकडून उष्णता तपासून घ्या.

शेक काढल्यावर लगेच मसाज, कारण तेल मिनिटभरात पुन्हा घट्ट होऊ लागतं. वरच्या पापणीवर बोट वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने. पापणीचा बाहेरचा कोपरा दुसऱ्या हाताने किंचित ताणून धरला की ती घसरत नाही. प्रत्येक भागावर ५ ते ६ वेळा, बेताच्या दाबाने. पापणी गोल गोल चोळू नका. नंतर काही मिनिटं धूसर दिसतं, ते डोळ्यावर पसरलेलं तेल. पापण्या मिचकावल्या की जातं. काचबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याचा आजार असलेल्यांनी मसाज करू नये, नुसता शेकही डॉक्टरांना विचारूनच.

सफाई शेवटी, कारण खपली तोवर मऊ झालेली असते आणि ओढावी लागत नाही. तयार वाइप्स किंवा पापण्यांसाठीचा फेस मिळतो, तो सोयीचा. नाही तर उकळून कोमट केलेल्या अर्धा कप पाण्यात बेबी शॅम्पूचे २ ते ३ थेंब. काही जणांचे डोळे त्याने जास्त कोरडे पडतात. तसं झालं तर सोडून द्या. कापूस किंवा बोटाला गुंडाळलेलं स्वच्छ फडकं बुडवून, पिळून, मिटलेल्या पापणीच्या केसांच्या मुळावरून आडवं फिरवायचं, १० ते १५ वेळा. खालच्या पापणीसाठी वर बघा. पुसायची ती केसांची मुळं, पापणीचं आतलं अस्तर नव्हे. दुसऱ्या डोळ्याला नवा कापूस. मग साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्या. सुरुवातीला दिवसातून दोनदा, २ ते ४ आठवडे. फरक पडला की एकदा, आणि पुढे कायम. ‘बरं झालं’ म्हणून सोडलं की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच, हे आधीच माहीत असलेलं बरं.

काजळाबद्दल आमचं मत कडक आहे. पापणीच्या केसांबाहेर लावलेलं काजळ एक वेळ चालेल, पण आतल्या कडेवर फिरवलेली पेन्सिल थेट ग्रंथींच्या तोंडावरून जाते. दुखणं भडकलेलं असताना ते बंदच ठेवा, आणि घरात एकच डबी सगळ्यांनी वापरणं तर नेहमीसाठी बंद.

औषधांपैकी कडेवर लावायचं अँटिबायोटिक मलम (एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन वगैरे) पुढच्या प्रकारात उपयोगी, रात्री झोपताना, सफाईनंतर बोटाने कडेवर चोळून. मागच्या प्रकारात शेक-मसाजने भागलं नाही तर डॉक्टर काही आठवडे डॉक्सिसायक्लिन देतात. त्यात जंतू मारण्यापेक्षा सूज कमी करणं आणि तेल बिघडवणाऱ्या जिवाणूंच्या विकरांना आवरणं हा हेतू जास्त. गरोदरपणी आणि ८ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाही तर अन्ननलिकेला जखम होते. दूध, कॅल्शियम, लोह यांच्यासोबत घेतली तर नीट शोषली जात नाही. उन्हाने कातडी लवकर करपते. डेमोडेक्ससाठी टी ट्री तेलातल्या घटकाचे सौम्य वाइप्स मिळतात. शुद्ध तेलाची बाटली आणून पापणीला लावणं मात्र धोक्याचं, कॉर्निया पोळतो. अमेरिकेत २०२३ साली या किड्यावर लोटिलानरच्या ०.२५ टक्के थेंबांना मान्यता मिळाली: दिवसातून दोनदा, ६ आठवडे. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर पैसे घालण्याआधी एवढं लक्षात घ्या की अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ साली आले, कोरड्या डोळ्यांसाठी रोज ३ ग्रॅम ओमेगा-३ वर्षभर घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही.

सगळ्यांत जास्त नुकसान करतात ते काउंटरवरून चिठ्ठीशिवाय मिळणारे मिश्र थेंब. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लूरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. लाली दोन दिवसांत जाते, म्हणून माणूस तीच बाटली पुन्हा पुन्हा आणतो. आत डोळ्याचा दाब वाढत असतो, आणि तो दुखत नाही. त्यातून काचबिंदू होतो, आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. काही रुग्णांना स्टेरॉइड खरोखर लागतं, पण थोडे दिवस आणि दाब मोजत. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या.

काही लक्षणांत घरगुती उपाय करत बसू नये. डोळा दुखणं, उजेड सहन न होणं किंवा नजर कमी होणं म्हणजे कॉर्नियापर्यंत गोष्ट पोचली असू शकते. ताप, डोळा पुढे येणं आणि डोळा फिरवताना वेदना असतील तर त्याच दिवशी रुग्णालय. आणि एक गोष्ट मुद्दाम: सूज एकाच पापणीला, कड जाड, तिथले केस गळलेले, किंवा चॅलाझियन एकाच जागी पुन्हा पुन्हा. उतारवयात असं दिसलं तर तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे. तेलग्रंथींचा कर्करोग असाच ब्लेफरायटिसच्या वेषात येतो, आणि पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा भारतात बरंच जास्त आहे. लहान मुलाच्या पापणीच्या केसांत तपकिरी ठिपके हलताना दिसले तर त्या उवा आहेत, ब्लेफरायटिस नव्हे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं असेल तर कड आधी स्वच्छ हवी. ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत होणाऱ्या जंतुसंसर्गाचे जंतू बहुतेकदा रुग्णाच्या स्वतःच्या पापणीवरचे असतात. शिवाय अश्रूंचा थर अस्थिर असेल तर कॉर्नियाची वक्रता चुकीची मोजली जाते आणि बसवायच्या लेन्सचा नंबर चुकतो. म्हणून सर्जनने तारीख २ ते ४ आठवडे पुढे ढकलून शेक आणि सफाई सांगितली तर कुरकुर करू नका. ऑपरेशननंतर मात्र शेक आणि मसाज डॉक्टर सांगतील तोवर बंद, ताज्या जखमेवर बोटाचा दाब नको. तेवढे दिवस बाहेरून, मिटलेल्या पापणीवर, ओल्या कापसाने चिपडं टिपून घेणं पुरे.